अस्तर ओलं असताना

९ जुलै

धाकट्या,

फोन वाजत राहतो आणि गप्प होतो. तू उचलणार नाहीस हे आता माझ्या डोक्यात शिरलंय, म्हणून कागद. फाडायचा म्हटलं तरी कागद आधी हातात घ्यावा लागतो.

पत्ता पैलवानाने दिला, तोही घाबरत घाबरत. टोळीत सगळ्यांत हडकुळा म्हणून तुम्ही ज्याला पैलवान नाव ठेवलंत, तो आता खरंच वाऱ्याने उडेल असा झालाय. सांगत होता, कंपनीने तुला दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात नेलं, आता टाकीत उतरावं लागत नाही, खुर्चीवरचं काम आहे. ऐकून बरं वाटलं. दवाखान्यातून निघालास तेव्हा धड चालताही येत नव्हतं म्हणे. खोकला थांबला का? हात अजून थरथरतात का?

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. कंपनीची खोली रिकामी करून दिली. नवी खोली एका लाँड्रीच्या मागे आहे, तिची भिंत दिवसभर कोमट असते. शिलाईचं मशीन दारात ठेवलंय, तेवढाच उजेड. ठकी कॉलेजात जाते. बापाची लेक शोभते, राग आला की तोंड बंद आणि भांडी जोरात.

परवा ड्रेसच्या बाह्यांना अस्तर लावत होते तेव्हा तुझ्या दाजींची चेष्टा आठवली. मी कामगारांच्या ड्रेसना अस्तर लावायची आणि ते ॲसिडच्या टाक्यांना आतून. म्हणायचे, "आपण नवराबायको दोघंही शिंपीच. फरक एवढाच, तुझं अस्तर उसवलं तर टाका घालता येतो. माझं उसवलं तर ॲसिड लोखंड खाऊन बाहेर येतं." आणि स्वतःच हसायचे.

त्यांना जाऊन महिना होऊन गेला. त्यांना नेलं त्या दिवशी तू दवाखान्यात होतास, तेव्हा तुझं न येणं कुणीच मनावर घेतलं नाही. पण सुटल्यावर एकदा घरी येशील असं वाटत होतं. तू परस्पर निघून गेलास. मी रागावलेली नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, आता राहू देते.

मला एवढंच हवंय, की आत काय झालं ते तू सांगावंस. सरकारी चौकशी लागलीय, पुढच्या महिन्यात मला बोलावलंय. लोकांकडून तुकडे तुकडे कळतात. अख्खं माहीत असलेला तू एकटाच उरलायस.

तुझी
ताई


२४ जुलै

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तू सांगत नाहीस तर मला कळलेलं मी तुला सांगते. चुकलं तर दुरुस्त कर.

पैलवान काल येऊन बसला. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेना. मी म्हटलं, "मॅनहोलपाशी दोरी धरून बसायचं काम तुझं होतं ना?"

म्हणाला, "दोरीच नव्हती, वहिनी. ओल्या अस्तरावर घासते, ओरखडे पडतात, म्हणून साहेबांनी सोडायला लावली."

मग हळूहळू बोलला. जमिनीत बसवलेल्या त्या टाकीचा पत्रा वाळूच्या माऱ्याने घासून आतून लखलखीत केला होता. असा उघडा पत्रा फार वेळ ठेवायचा नसतो, ओली हवा लागली की बघता बघता तांबूस होतो, एवढं मलाही ठाऊक आहे. "माणसाला जेवायला उशीर झाला तर चालतो, पत्र्याला अंगरखा चढवायला नाही," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. त्या दिवशी आभाळ दाटलेलं, अंगाला कपडे चिकटत होते. तू टाकीच्या तळाशी राहिलेला भाग रोलरने मारत होतास. तुझे दाजी बाहेर अस्तराचा माल कालवत होते. ब्लोअरच्या पाइपातून बाहेरची हवा आत जात होती, म्हणून तुला त्या मालातल्या थिनरचा वास सोसत होता.

तेवढ्यात इस्त्रीसाहेब आले. सुपरवायझरच्या कडक शर्टावरून तुम्ही पाडलेलं नाव. आता त्यात चेष्टा उरली नाही, पण त्यांचं दुसरं नाव मला कधी कळलंच नाही. त्यांनी मॅनहोलमधून टॉर्च मारला, आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"पत्रा घामेजलाय. ही ओली हवा आत कशाला कोंबताय? उद्या पोपडे आले की माझ्या गळ्यात. ब्लोअर बंद करा."

तुझे दाजी म्हणाले, "साहेब, माणूस आत आहे."

"आता थोडंच राहिलंय. संपवून येईल वर."

"मग आधी त्याला वर घेतो."

"आणि थर अर्धवट सोडायचा? जोड दिसेल. तुम्ही मुकादम, एवढे जुने, तुम्हाला मी शिकवायचं का?"

आणि त्यांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. मग गेले ऑफिसकडे. दाजींनी पैलवानाला सांगितलं, "त्याला हाका मारत राहा." पैलवान मारत राहिला. तू आधी "हो" म्हणालास. मग नुसतं "हं" म्हणालास. मग काहीच नाही.

तुझे दाजी शिडीवरून उतरले. पैलवान ओरडला, आधी ब्लोअर लावू द्या, पण ते थांबले नाहीत. तुला खांद्यावर घेऊन मॅनहोलपर्यंत चढले. पैलवानाने तुझ्या काखेत हात घालून तुला बाहेर ओढलं. तुला जमिनीवर टाकून तो वळला, तर शिडी रिकामी होती.

इथे तो थांबला. काहीतरी गिळलं त्याने. मी खोदून विचारलं नाही.

चौकशीत तो बोलणार नाही. "मी रोजंदारीचा माणूस, वहिनी. उद्या मला दुसऱ्या टाकीवर कोण घेईल?" त्याला मी काय बोलू? ते तुझ्यासाठी खाली उतरले. तेव्हा तू बोलशील. याहून जास्त लिहिण्याची वेळ माझ्यावर आणू नकोस.

ताई


८ ऑगस्ट

धाकट्या,

आज चौकशी झाली. कारखान्याच्याच एका खोलीत, लांब टेबल, पंख्याची करकर. निरीक्षक बाई आहेत. चष्मा कपाळावर सरकवून, दमलेल्या आवाजात बोलतात, पण बाई उर्मट नाहीत.

इस्त्रीसाहेब म्हणाले, "ब्लोअर चालूच होता. मुकादमांनी मास्क न लावता, कुणाला न विचारता आत उडी घेतली. माणूस चांगला होता हो, पण हट्टी." माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी सांत्वनाला आलेली माणसं हलवतात.

मी उभी राहिले. म्हटलं, "ब्लोअर बंद होता."

बाईंनी विचारलं, "तुम्ही तिथे होता का?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

पैलवान भिंतीपाशी उभा होता. आपल्या चपलांकडे बघत होता. मी त्याचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का? मला कळेना. म्हटलं, "लोक सांगतात."

बाईंनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "लोकांचं सोडा. तुमच्या भावाने मला काय सांगितलंय ठाऊक आहे? ब्लोअर चालू होता. दाजी उगाच आत आले, मला काही झालंच नव्हतं, मी माझा वर येत होतो. हा सख्खा भाऊ ना तुमचा?"

"सख्खा."

"मग मी काय करू सांगा."

मला पाणी दिलं त्यांनी. ते पिऊन मी उठले.

परत येताना ती टाकी दिसली. मॅनहोलचं झाकण उघडं होतं. मी वाकून पाहिलं, कुणी अडवलं नाही. आत काळंभोर, गुळगुळीत, आरशासारखं. ते जिथे पडले तिथे माल खरवडून नव्याने थर मारून घेतलाय, असं एक जण म्हणाला. जोड दिसत नव्हता.

ताई


१० ऑगस्ट

काल दिवसभर मशीनवर बसले आणि एकही ड्रेस पुरा झाला नाही. आता लिहिते, मग पुन्हा धीर होणार नाही.

आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. लग्नात पाठवणीच्या वेळी तू माझा पदर सोडेनास, तेव्हा तुझे दाजी म्हणाले, "चल, याला पण घेऊन जाऊ, हुंडा म्हणून." कोण नवरा म्हणतो असं? त्यांनी तुला शाळेत घातलं, तिथे तुझं डोकं चालेना तर हाताला धरून कामावर नेलं. रोलर कसा धरायचा इथपासून शिकवलं. आणि तू म्हणतोस उगाच आत आले!

मी तुला एक गोष्ट सांगणार नव्हते, आज सांगते. त्या दिवशी शेजारची पोरगी धावत आली, "मावशी, टाकीत दोघं अडकले, एक वाचला." कारखान्याच्या फाटकापर्यंत मी पळत गेले. सबंध वाटेत मी देवाकडे एकच माणूस मागितला. तो तू नव्हतास.

आता कळलं? आता नाही आलास तरी चालेल.


२१ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र आलं. आधी ओळखलंच नाही, अक्षर इतकं वाकडं. म्हणजे हात थरथरतात.

वाचून झाल्यावर मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि काम करत राहिले. ठकीने विचारलं, "मामाचं का?" मी म्हटलं, "हो, बरा आहे." तिने पातेलं आपटलं.

तुझी ओळ मला पाठ झालीय. "ताई, वर हवा लागली तसा मी वेड्यासारखा पाय झाडायला लागलो, पायाला काहीतरी मऊ लागलं, ते दाजींचं तोंड होतं."

आणि पुढे लिहिलंयस, इस्त्रीसाहेब दवाखान्यात तुझ्या खाटेवर येऊन बसले. लाथेचं पैलवानाकडून काढून घेतलं होतं त्यांनी. म्हणाले, "तुझ्या लाथेने पडला तो. मी कुणाला सांगणार नाही. तुझ्या बहिणीला तरी कशाला कळायला हवं? मी सांगतो तेवढं बोल, तुला इथून लांब नेतो." शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून जपणारा माणूस तुझ्या खाटेवर बसला, तेव्हाच तुला कळायला हवं होतं रे.

मी तुला खोटं लिहिणार नाही. तुझं पत्र वाचल्यावर तुझा पाय माझ्या डोळ्यांपुढून हलेना. लहानपणी काटा काढायला मांडीवर घ्यायचे, तोच पाय. तीन बाह्या उलट्या जोडल्या. ड्रेस न्यायला आलेली बाई म्हणाली, आज राहू दे. मी मशीन झाकून पैलवानाकडे गेले.

त्याला म्हटलं, "त्या दिवशी चहासमोर तू जे गिळलंस ते मला कळलंय."

तो रडायला लागला. मग म्हणाला, "लाथ मलाही बसली होती, वहिनी. हनुवटीवर. गुदमरलेला माणूस बुडणाऱ्यासारखा असतो, त्याला हात कोणता आणि वैरी कोणता कळत नाही. मुकादमांचे डोळे आधीच फिरले होते. एका हाताने शिडी, एका हाताने तो. शिडीवरचा हात सुटतच होता."

"म्हणजे लाथेने नाही पडले?"

"माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही."

मलाही माहीत नाही. लाथ बसली नसती तर ते वाचले असते का? मी मरेपर्यंत हे कुणी मला सांगू शकणार नाही, तुलाही नाही. ते तसंच राहणार. आपण दोघांनी ते तसंच पोटात ठेवून जेवायचं, झोपायचं.

पण ब्लोअर बंद होता हे तुला माहीत आहे. कोणी बंद केला ते पैलवानाला माहीत आहे. जे माहीत नाही त्याच्या भीतीने, जे माहीत आहे ते तुम्ही दोघं गिळून बसलात. इस्त्रीसाहेबांना एवढंच हवं होतं.

ये, आणि दोन्ही सांग. ब्लोअरचंही आणि लाथेचंही. एक लपवून दुसरं सांगितलंस तर ते तुझी मान पुन्हा त्याच जागी धरतील. निरीक्षक बाईंना मी भेटून आले. त्या म्हणाल्या, जबाब बदलायला आला तर मी ऐकेन, पण नोकरी जाईल त्याची. मी म्हटलं, जाऊ द्या.

तुझ्या वतीने मी परस्पर बोलून टाकलं. राग येईल तर येऊ दे. माझ्याकडे आलास की मग बोलू.

मी त्या दहा तारखेच्या पत्रात लिहिलं ते खरं होतं. ते मागे घेत नाही. पण ते सगळं खरं नव्हतं. फाटकापाशी स्ट्रेचरवर तुझा चेहरा दिसला तेव्हा मी तुझ्या छातीवर हात ठेवून तिथेच बसले होते, ती हलतेय का बघायला. बाकीचे मला दुसरीकडे ओढत होते आणि मी उठत नव्हते. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

ताई


१२ सप्टेंबर

धाकट्या,

एकाच गावात असून पत्र लिहायची वेळ आली. काल चौकशीत तुझं बोलणं संपल्यावर तू माझ्याकडे न बघता निघून गेलास. तू स्टँडजवळच्या लॉजवर उतरलायस असं पैलवानाकडून कळलं.

तू बोलत असताना मी तुझे हात बघत होते. टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरलेले, तरी थांबत नव्हते. तू ब्लोअरचं सांगितलंस, दोरीचं सांगितलंस. मग थांबलास. मला वाटलं, आता बसेल हा खाली. तू पाणीही न पिता लाथेचं सांगितलंस.

ठकी माझ्या शेजारी होती. मी तिला आधी सांगायला हवं होतं. दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. तिने तिथेच, सगळ्यांसमोर ऐकलं, आणि खुर्ची मागे ढकलून बाहेर गेली. तू ते पाहिलंस हे मला दिसलं.

मग इस्त्रीसाहेब हसले. म्हणाले, "मॅडम, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वायू मेंदूत गेला की असं होतं. डॉक्टरच सांगतील."

आणि तेव्हा भिंतीपाशी हालचाल झाली. तू दारापर्यंत गेला होतास, तुला ऐकू आलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते. पैलवान म्हणाला, "माझ्या डोक्यावर नाही झाला परिणाम, साहेब. बटण तुम्ही दाबलंत." आवाज एवढासा. पण पंख्याची करकर असूनही सगळ्यांना ऐकू गेला. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "या, इकडे बसा."

यातून काय निघेल याच्या फार आशा ठेवू नकोस. बाई म्हणाल्या, खटला होईल, वर्षं जातील, तारखा पडतील. इस्त्रीसाहेबांना कंपनीने आज घरी बसवलंय, म्हणजे तूर्त एवढंच. तुझी नोकरी गेलीच. टाकी भरायला घेतलीय, आतलं अस्तर उत्तम जमलं म्हणे.

गेल्या आठवड्यातलं आणखी एक कळलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. शेजारच्या नव्या टाकीत माणसं उतरेनात. पैलवान म्हणे झाकणावरच बसला, "आधी हवा, मग मी." कंपनीने चार दिवस आदळआपट केली आणि शेवटी एक मशीन आणलं. ते हवा कोरडी करून मग आत सोडतं. पत्र्याला ओल लागत नाही आणि माणसाला श्वास मिळतो. असं मशीन असतं, धाकट्या. भाड्याने मिळतं. गोदामामागच्या गल्लीतून हातगाडीवर घालून आणलं. मला वाटत होतं, लोखंड आणि माणूस यातलं एकच वाचण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी लोखंड निवडलं. तसंही नव्हतं. त्यांनी विचारच केला नव्हता.

तू आता लॉजवर राहू नकोस. खोली लहान आहे, पण माणूस मावतो. इलाज इथे करू, त्या हातांचा आणि छातीचा. कामाचं नंतर बघू. आणि मी तुझ्याशी नीट बोलेन असं वचन देत नाही. कधी कधी ताट पुढे सरकवून तोंड फिरवीन. तुझ्या पायांकडे बघायचं टाळीन. सवय व्हायला वेळ लागेल, तेवढा तू थांब.

हे पत्र ठकी घेऊन येतेय. मी पैलवानाकडे देणार होते. तिने माझ्या हातातून घेतलं, म्हणाली, "मी देते." कालपासून बोललेले तिचे हे पहिलेच शब्द. का निघालीय, मला माहीत नाही. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. शिव्या देईल, रडेल, की कागद दारात फेकून परत फिरेल, काही सांगता येत नाही. जे करील ते करू दे. अडवू नकोस, समजावू नकोस, माफी तर इतक्यात मागूच नकोस.

फक्त तिने दार वाजवलं की लगेच उघड. तिला बाहेर उभं करू नकोस.

ताई